गॅलरीची सळी आणि जबड्याची पट्टी

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात दोनच आकडे चर्चेत असतात: थर किती लागले आणि गोविंदा किती जखमी झाले. दुसऱ्या आकड्याशेजारी बहुतेकदा ‘किरकोळ’ असा शब्द असतो. त्या शब्दाखाली काय काय खपतं, ते यंदा आमच्याच सोसायटीत कळलं. थर कोसळताना वरच्या पोराचा गुडघा तिसऱ्या मजल्यावरच्या ओंकारच्या हनुवटीला डावीकडून लागला. रक्त फारसं नाही, सूज थोडी. रात्री आईने वरणभात पुढे ठेवला तेव्हा तो म्हणाला, “आई, दात बसत नाहीयेत गं.”

हे वाक्य म्हणजे जवळजवळ निदानच. भातातला बारीक खडा आपल्याला लगेच कळतो ना? दातांच्या मुळांभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं आणि त्यातले चेतातंतू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा फरकही टिपतात. पायाचं हाड जरा वाकडं जुळलं तर रोग्याला कळेलच असं नाही. जबडा केसभर सरकला तरी दात चुगली करतात.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मुलीने घसा तपासायची लाकडी पट्टी ओंकारच्या दाढांमध्ये दिली, “घट्ट चाव” म्हणाली आणि पट्टी पिरगळली. जबडा धड असेल तर माणूस पट्टी मोडेपर्यंत दात सोडत नाही. याने कळवळून तोंड उघडलं. पुढे एक्स-रेत दोन भेगा दिसल्या: एक हनुवटीच्या डावीकडे आणि दुसरी, जिथे मार लागलाच नव्हता तिथे, उजव्या कानापुढे. काचेची बांगडी एकाच जागी क्वचित फुटते, तसंच हे. खालचा जबडा दोन्ही टोकांना कवटीला टेकलेला असतो, त्यामुळे त्याचंही एक कडंच बनतं. कानापुढची त्याची मान बारीक असते. ती मोडते हे एका परीने बरंच, कारण सांध्याच्या वर हाडाचा पातळ पापुद्रा आणि त्यावर थेट मेंदू.

“दाताच्या डॉक्टरचं इथे काय काम?” ओंकारच्या काकांनी विचारलं. काम त्यांचंच. बीडीएसनंतर तीन वर्षं मुख व जबडा शस्त्रक्रियेत एमडीएस केलेली ही माणसं आधी हाड बसवतच नाहीत, दात बसवतात. भुलीची नळीसुद्धा नाकातून घालतात, म्हणजे तोंड मिटता येतं. वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधले की हाडाचे तुकडे आपसूक जागेवर येतात. पूर्वी उपचार इथेच संपायचा. चार ते सहा आठवडे तोंड बंद, स्ट्रॉने पेज, आणि उलटी झालीच तर म्हणून उशाशी तार कापायची पकड.

आता हाडावर धातूची पट्टी लावतात, आणि मला खरं सांगायचंय ते तिच्याबद्दल. घोडबंदर रोडला कुठल्याही साइटवर गॅलरीचा स्लॅब ओतण्याआधी नीट बघा. मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात, त्या खाली बसू नयेत म्हणून वाकवलेल्या सळ्यांच्या ‘चेअर’ लावतात. गॅलरी एकाच बाजूने धरलेली. कडेला माणसं उभी राहिली की स्लॅब खाली झुकू पाहतो, त्याचा वरचा भाग ताणला जातो आणि खालचा चेपला जातो. काँक्रीटला चेपणं सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून लोखंड वर.

जबडाही अशीच गॅलरी आहे. मागून स्नायू त्याला वर ओढतात, पुढे दातांवर घास खाली दाबतो. मोडलेल्या जागी भेग वरून, दातांच्या बाजूने उघडते आणि खालून मिटते. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गच्या मॅक्सिम शाँपी यांनी हे नेमकं हेरलं. खालच्या कडेला जाडजूड पट्टी ठोकण्याऐवजी वर, ताणाच्या रेषेवर, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची पट्टी पुरते, असं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1978 च्या शोधनिबंधात मांडलं. स्क्रू 2 मिलिमीटर व्यासाचे, तेही हाडाच्या फक्त बाहेरच्या कवचात, कारण आत दातांची मुळं आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस. चेपण्याचं काम हाडच करतं. सुळ्यांच्या मधल्या भागात मात्र एका पट्टीने भागत नाही. तिथे जबड्याच्या दोन बाजू उलटसुलट पिळल्या जातात, ताणाची जागा घासागणिक वर-खाली होते, म्हणून चार-पाच मिलिमीटर अंतर ठेवून दोन समांतर पट्ट्या लावतात. ओंकारला दोन बसल्या. काप तोंडातून घेतला, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण नाही. कानापुढचं हाड फारसं सरकलं नव्हतं. ते न उघडता दातांना लावलेल्या रबरांच्या ओढीवर सोडलं.

पट्टी टायटॅनियमची. तिच्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर आपोआप चढतो, म्हणून शरीर तिला सहसा परकं मानत नाही. पण शेजारच्या आजींना पावसाळ्यात पोराच्या तोंडावर वीज पडेल अशी धास्ती, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘धातू मोबाईलचं रेडिएशन खेचतो’. नथ घालून आजींचा जन्म गेला, वीज एकदाही नथीवर पडली नाही. त्याच ग्रुपवर ‘थ्रीडी प्रिंटेड जबडा’ अशी जाहिरातही फिरत होती. ते तंत्र खरं आहे, पण हाडाचा मोठा भागच गेला असेल तेव्हाचं. इथे सगळं हाड जागेवर आहे, छापायचं काय?

सहा आठवडे मऊ खायचं, म्हणजे पेज, वरण, कुस्करलेला भात. डिस्चार्जच्या वेळी ओंकारने दात न हलवता विचारलं, मामलेदारची मिसळ फरसाण काढून चालेल का? “फरसाणाचं नंतर बघू,” डॉक्टर म्हणाल्या, “तोंडात टाके आहेत, त्यांना तो रस्सा झेपणार नाही.”