हेड घासलं की आरएक्स पळते? अर्धवट खरंय

सोलापुरात यामाहा आरएक्स १०० (जुनी टू-स्ट्रोक बाईक) वाला कुणीही भेटला की सल्ला ठरलेला, अक्कलकोट रोडला लेथवर हेडला (सिलिंडरच्या वरच्या झाकणाला) फेस मारून, म्हणजे घासून आण, जेवढं जास्त घासशील तेवढी गाडी पळेल. हे वर्षानुवर्षं चालूय आणि अर्धवट खरंय म्हणूनच घात करतं.

घासल्यावर कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढतं, खालचा पिकअप जाणवतो, किक पण जड लागते, म्हणून वाटतं पॉवर वाढली. पण टू-स्ट्रोकचा टॉप एंड, म्हणजे वरच्या आरपीएमची ताकद, मुख्यतः पोर्ट टायमिंग (सिलिंडरच्या खिडक्या कधी उघडतात-मिटतात ते) आणि सायलेन्सरवर असतो. कंप्रेशन वाढलं की धूर थोडा थंड बाहेर पडतो, थंड गॅसमध्ये सायलेन्सरमधली दाबाची लाट हळू चालते, त्यामुळं पाईपचा जोर कमी आरपीएमलाच येतो आणि वरती गाडी उलट लवकर दमते! त्यात आपल्याकडं मे महिन्यात ४२ डिग्री, साधं पेट्रोल, मग नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून होणारी ठकठक) सुरू, आणि पिस्टनला भोक पडलं की दोष ऑइलला.

खरं बघायचं असतं ते स्क्विश, म्हणजे पिस्टन वर आल्यावर कडेला हेडशी उरणारी फट. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घालायची, पिस्टन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, नाहीतर पिस्टन डुलतो आणि माप चुकतं. किक हळू फिरवून दाबलेलं टोक व्हर्नियरनं मोजा. १०० सीसीला साधारण १ मिमी. लेथवाल्याला हा आकडा विचारा, बहुतेक जण "अंदाजानं घेतो की" म्हणतील.