ढालकिडा आणि एपिलॅक्ना: वाढत्या संख्येचे दोन वेगळे अर्थ

वांग्याच्या पानामागे पिवळ्या, उभ्या अंड्यांचा पुंजका दिसला, तर तो कोणाचा हे नुसत्या अंड्यांवरून सांगणे अवघड असते. मावा (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) खाणारा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, आणि पाने खाणारा एपिलॅक्ना भुंगेरा हे दोघेही कॉक्सिनेलिडी या एकाच कुळातले, दोघेही अर्धगोल आणि ठिपकेदार. ढालकिड्याची पाठ मात्र गुळगुळीत व चकचकीत असते, तर एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक लव असल्याने तो निस्तेज दिसतो. अळ्यांमधला फरक त्याहून ठळक आहे: ढालकिड्याची अळी राखाडी-काळी, नारिंगी ठिपक्यांची आणि चपळ असते, तर एपिलॅक्नाची पिवळी, सुस्त आणि पाठीवर फांद्या फुटलेले काटे असलेली. ओळख पटली तरी खरा प्रश्न पुढचा आहे, कारण या दोघांची संख्या अगदी वेगवेगळ्या कारणांनी वाढते आणि घटते.

ढालकिड्याचे सारे गणित त्याच्या भक्ष्यावर चालते. रब्बीतल्या करडईवर डिसेंबर-जानेवारीत मावा वाढू लागतो. माव्याची मादी नराशिवाय थेट पिलांना जन्म देते आणि अनुकूल हवामानात ती पिले आठवडाभरात स्वतः प्रजननक्षम होतात. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ होण्यासच साधारण तीन ते चार आठवडे लागतात, म्हणून तो नेहमी माव्याच्या मागे राहतो. मादी मावा भरपूर असलेली जागा शोधून अंडी घालते, आणि तिथे इतर अळ्यांच्या वावराचा गंध असला तर बहुधा ती जागा टाळते. हा संयम तिच्या पिलांसाठी मोलाचा आहे, कारण मावा संपला की उपाशी अळ्या शेजारची अंडी आणि लहान अळ्याही खातात आणि प्रौढ उडून दुसरीकडे जातात. म्हणूनच करडईत ढालकिडे सर्वाधिक दिसतात तेव्हा मावा बहुधा उतरणीला लागलेला असतो, आणि त्यानंतर ढालकिडे एकाएकी दिसेनासे झाले तर त्यात नवल नाही. याचे टोकाचे उदाहरण इंग्लंडमध्ये 1976च्या कडक उन्हाळ्यात दिसले: आधी मुबलक माव्यावर वाढलेले सात ठिपक्यांचे ढालकिडे मावा संपताच समुद्रकिनाऱ्यांवर प्रचंड थव्यांनी गोळा झाले आणि भुकेपोटी माणसांनाही चावू लागले.

एपिलॅक्नाला असा पाठलाग करावा लागत नाही. वांगे, बटाटा, कारले यांची पाने त्याच्यासमोर उभीच असतात, आणि अळ्या व भुंगेरे दोघेही पानाचा हिरवा भाग खरवडून शिरांची जाळी मागे ठेवतात. पावसाळ्यातली उबदार, दमट हवा त्याला मानवते, त्यामुळे अन्न टिकून आहे तोवर एका पिढीमागून दुसरी येत राहते. त्याला आवर बसतो तो मुख्यतः शत्रूंमुळे. पेडिओबियस फोव्हिओलॅटस ही इवलीशी गांधीलमाशी त्याच्या अळीत अंडी घालते, आणि अळी तपकिरी होऊन पानालाच चिकटून मरते. या माशीचे मोल इतके, की 1960च्या दशकात अमेरिकेने तिथल्या घेवड्यावरील अशाच पानखाऊ भुंगेऱ्याच्या नियंत्रणासाठी ती भारतातून नेली.

मग सरसकट फवारणीने काय होते? करडईत मावा आणि ढालकिडे दोघेही मरतात, पण उरलेला मावा आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतो आणि ढालकिड्यांना महिना लागतो. त्या मधल्या काळात मावा पूर्वीपेक्षाही जास्त वाढू शकतो. माझ्या मते ढालकिड्यांच्या अळ्या दिसू लागल्यावर, मावा फारच बेसुमार नसेल तर, काही दिवस थांबून तो वाढतो आहे की घटतो आहे हे पाहणेच शहाणपणाचे आहे. वांग्यावर एपिलॅक्ना वाढत असताना मात्र अशी वाट पाहण्यात पानेच जातात. तिथे अंड्यांचे पुंजके आणि पिवळ्या अळ्या हाताने वेचून नष्ट कराव्यात, आणि तपकिरी पडलेल्या अळ्या तशाच ठेवाव्यात, कारण त्यांतूनच पुढच्या अळ्यांवर तुटून पडणाऱ्या गांधीलमाश्या बाहेर येणार असतात.