शुगर कुकी (मऊ, फ्रॉस्टिंगची)

शुगर कुकी ही अमेरिकेतल्या घरांत नाताळच्या सुमारास भाजली जाणारी गोड बिस्किटाची एक जात. मैदा, लोणी, साखर, अंडे आणि व्हॅनिला एवढ्यावर ती होते. चॉकलेट, सुकामेवा, ओट, मसाला यांपैकी काहीच तीत नसते. उरते ती साखर, आणि तीच नावात आली. हिचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक पातळ आणि कडक, तिच्यावर अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर फेटून केलेल्या, वाळल्यावर खडखडीत होणाऱ्या ‘रॉयल आयसिंग’ची नक्षी काढतात. दुसरी सेंटिमीटरभर जाड, बोटाने दाबली तर दबणारी, वर लोणी-साखरेच्या फ्रॉस्टिंगचा जाड थर आणि रंगीत साखरदाणे. ही नोंद या दुसरीविषयी आहे.

मराठी घरात बिस्किट मऊ लागले की ते ‘सादळले’ म्हणतात, आणि डब्याचे झाकण कोणी उघडे टाकले याची चौकशी सुरू होते. शंकरपाळा खुसखुशीत हवा, चकली कुरकुरीत हवी, नानकटाई तोंडात विरघळावी पण कोरडी असावी. फराळाच्या ताटात मऊपणा माफ असतो तो फक्त लाडवाला. त्यामुळे ही कुकी पहिल्यांदा हातात आली की कच्ची राहिली असावी, अशी शंका येते. शंका अगदीच चुकीची नाही. ती खरोखर जरा आधीच भट्टीबाहेर काढलेली असते, आणि पुढे चार-पाच दिवस सादळलेलीच राहावी याची तजवीज पिठापासून केलेली असते.

पूर्वपीठिका

‘कुकी’ हा शब्द डच ‘कूक्ये’वरून आला; अर्थ छोटा केक. हडसन नदीकाठची डच वसाहत १६६४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेली आणि न्यू ॲमस्टरडॅमचे न्यूयॉर्क झाले, तरी स्वयंपाकघरातला हा शब्द तिथेच राहिला. इंग्लंडमध्ये मात्र ‘बिस्किट’च चालू राहिले, आणि आपल्याकडे इंग्रज आले असल्याने आपणही बिस्किटच म्हणू लागलो.

अमेरिकन लेखिकेने लिहून अमेरिकेतच छापलेले पहिले पाकपुस्तक म्हणून अमेलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ ओळखले जाते. ते १७९६ मध्ये कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड येथे निघाले. त्यात ‘ख्रिसमस कुकी’ची कृती आहे: तीन पौंड मैदा, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर, चहाचा एक पेला भरून बारीक धनेपूड, आणि दुधात विरघळवलेली तीन चमचे पर्ल ॲश. अंडे नाही. पोळी लाटायची ती पाऊण इंच जाड. धनेपूड वाचून मराठी वाचक दचकेल, पण त्या काळी इंग्रजी मिठाईत धने सर्रास पडत. याहून मोलाचे आहे कृतीतले शेवटचे वाक्य. कुकीज सुरुवातीला कडक आणि कोरड्या लागतील, पण मातीच्या भांड्यात घालून तळघरात किंवा दमट खोलीत ठेवल्या तर सहा महिन्यांनी अधिक मऊ आणि अधिक चांगल्या होतील, असे ते सांगते. म्हणजे मुद्दाम सादळवणे! मऊ नाताळी कुकीची हौस फ्रॉस्टिंगच्याही आधीची आहे, हे त्यावरून दिसते. फक्त तेव्हा हवेतल्या ओलाव्यासाठी सहा महिने थांबावे लागे.

पर्ल ॲश म्हणजे लाकडाची राख पाण्यात मुरवून, ते पाणी आटवून आणि उरलेला क्षार भाजून केलेले पोटॅशियम कार्बोनेट. आपल्या पापडखाराच्याच कुळातले. अमेरिकेने दिलेले पहिले पेटंट (३१ जुलै १७९०, सॅम्युअल हॉपकिन्स) याच क्षाराच्या निर्मितीविषयी होते. त्याचा साबणासारखा वास पदार्थात मागे राही. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा आणि मग बेकिंग पावडर आली, तेव्हा कुकी हलकी आणि बिनवासाची झाली.

दुसरा धागा जर्मन आहे. पेनसिल्व्हेनियात मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी १७४० मध्ये वसवलेले नॅझरेथ हे गाव शुगर कुकीचे माहेर असल्याचा दावा आजही सांगितला जातो. दाव्याचे काय असेल ते असो, पत्र्याच्या पट्ट्या वळवून केलेले तारा, हृदय, पक्षी, घोडा असे साचे तिथल्या जर्मन वस्तीत रुजले हे खरे. या कुकीज नाताळच्या झाडालाही टांगत. टांगायची कुकी अर्थातच कडक लागते. मऊ कुकी दोऱ्यावर तासभर टिकणार नाही.

सँटासाठी रात्री दूध आणि कुकीज ठेवण्याची चाल १९३० च्या दशकातल्या मंदीत घरोघरी पसरली, असे सहसा सांगतात. आजच्या गुबगुबीत, गुलाबी फ्रॉस्टिंगच्या कुकीला देशभर ओळख मिळाली ती सुपरमार्केटच्या पारदर्शक डब्यातून. त्यात युटा राज्यात सुरू झालेल्या लॉफ्टहाउस या नावाचा वाटा इतका मोठा की अशा कुकीला अनेकजण ‘लॉफ्टहाउस कुकी’च म्हणतात. २०१७ मध्ये लोगन गावात सुरू झालेली क्रंबल ही कुकीच्या दुकानांची साखळीही युटाचीच. दारू आणि कॉफी वर्ज्य मानणाऱ्या मॉर्मन समाजाचे हे राज्य. तिथे गोडाची दुकाने जोरात चालतात यात नवल नाही.

मऊपणाचे गणित

कुकी कडक होते ती तीन कारणांनी: पाणी उडून जाते, मैद्यातले ग्लूटेन (पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन) ताणले जाते आणि साखर थंड होताना पुन्हा स्फटिक धरते. मऊ कुकीत या तिन्हींना अडवायचे असते.

पाण्यासाठी जाडी महत्त्वाची. तीन मिलिमीटरची कुकी आतपर्यंत वाळते, दहा मिलिमीटरची कडेलाच वाळते. शिवाय पिठात थोडे ‘सावर क्रीम’ (आंबवलेली साय) किंवा क्रीम चीज घालतात. आपल्याकडे सावर क्रीम सहज मिळत नाही. रात्रभर टांगून काढलेला दह्याचा चक्का त्याचे काम उत्तम करतो. चक्क्याच्या आंबटपणाने सोडाही जागा होतो. ग्लूटेनसाठी दोन उपाय आहेत: मैद्यात थोडे कॉर्नफ्लोअर मिसळणे आणि मैदा पडल्यावर हात आवरता घेणे. पोळीची कणीक मळायची सवय असलेल्या हाताला हे दुसरे जड जाते. पीठ नुसते गोळा झाले की थांबायचे. तिंबायचे मुळीच नाही. साखरेच्या स्फटिकांना क्रीम ऑफ टार्टर नावाचा आंबट क्षार अडवतो, पण चक्का घातला असेल तर त्यावाचून अडत नाही.

स्निग्ध पदार्थ कोणता, यावर तर पदार्थाची जातच ठरते. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असते. तुपात ते नसतेच. म्हणून बटरऐवजी साजूक तूप घातले की कुकी ठिसूळ आणि रवाळ होते, म्हणजे तिची नानकटाई होते. नानकटाई वाईट नाही, पण ती वेगळी.

घरी करताना

साधारण २४ कुकीजना ३७५ ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, १७० ग्रॅम बिनमिठाचे बटर, २०० ग्रॅम बारीक साखर, एक अंडे, ६० ग्रॅम चक्का आणि दोन चमचे व्हॅनिला इसेन्स लागते. नेहमीचे पिवळे बटर खारे असते. तेच वापरायचे तर वरून मीठ घालू नये, एरवी अर्धा चमचा घालावे. अंडे न खाणाऱ्या घरात त्याजागी चमचा-दोन चमचे चक्का वाढवतात. कुकी मऊच होते, मात्र रंग कमी येतो.

मैदा तोलून घ्यावा. अमेरिकन कृतींत मापे कपात असतात, आणि एक कप मैदा हलका भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. तीन कपांत जवळजवळ शंभर ग्रॅमचा फरक. कोरड्या, भेगाळलेल्या कुकीजचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. ओव्हनला दोष उगाच लागतो.

बटर बोट रुतेल इतके मऊ हवे, वितळलेले नको. ते साखरेबरोबर दोन-तीन मिनिटे फेटून फिके करावे, मग अंडे, चक्का, इसेन्स, शेवटी कोरडे जिन्नस. गोळा चपटा करून, झाकून तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवतात. बटर घट्ट होते, मैदा ओलावा पितो आणि लाटताना पीठ चिकटत नाही. दोन बटरपेपरांच्या मध्ये लाटले तर वरून पिठी लावावी लागत नाही. पिठी जितकी जास्त तितकी कुकी कोरडी. जाडी ८ ते १० मिलिमीटर. साचा नसला तर वाटीच्या काठाने गोल पाडावेत. करंजीचे कातणे फिरवून कडेला नक्षी करण्याची कल्पना सुचेल, पण इतक्या जाड पिठावर ती नक्षी भाजताना पसरून जाते.

भाजणे १७५ अंश सेल्सिअसवर (अमेरिकन कृतीतले ३५० फॅरनहाइट), ८ ते १० मिनिटे. खरी परीक्षा इथे असते. वरचा तकाका जाऊन कुकी निस्तेज दिसू लागली, कड जेमतेम फिकट सोनेरी झाली आणि मधला भाग अजून मऊ वाटला, की बाहेर काढावी. गरम ट्रेवर पाच मिनिटांत ती उरलेली शिजते. ‘अजून दोन मिनिटे असू द्या’ म्हणणाऱ्या अनुभवी हाताने इथे कुकीचे बिस्किट होते. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) लहान असेल तर मागच्या बाजूच्या कुकीज आधी रंग धरतात. ट्रे मध्येच फिरवावा. कुकरमध्ये मीठ पसरून भाजण्याची युक्ती नानकटाईला चालते, या कुकीला तळ करपण्याची भीती असते.

कच्चे पीठ चाटण्याचा मोह मुलांना आवरत नाही. भीती केवळ कच्च्या अंड्याची नाही. मैदाही कच्चाच असतो. अमेरिकेत २०१६ मध्ये कच्च्या पिठातून ई. कोलाय जंतूंची साथ पसरली होती.

फ्रॉस्टिंग

मराठीत केकवरच्या सगळ्याच थरांना आपण आयसिंग म्हणतो. अमेरिकेत ढोबळ भेद असा: पातळ, ओघळून वाळणारे ते आयसिंग, आणि सुरीने फासायचे, जाड, मऊ राहणारे ते फ्रॉस्टिंग. इथे ११५ ग्रॅम मऊ बटर आणि त्याच्या दुप्पट किंवा थोडी अधिक आयसिंग शुगर घेऊन, दोन-तीन चमचे दूध घालत फेटतात. मिक्सरमध्ये घरी दळलेली पिठीसाखर वापरली तर जिभेला कण लागतो. विकतची अधिक बारीक असते आणि गुठळी होऊ नये म्हणून तिच्यात थोडा मक्याचा स्टार्च असतो. हा थर फार गोड असतो. चिमूटभर मीठ आणि लिंबाचे चार थेंब घातले तर सोसवतो. म्हणूनच मूळ कुकीत साखर बेताची ठेवणे शहाणपणाचे.

कुकी पूर्ण गार झाल्याशिवाय थर देऊ नये. बटर ३० अंशांच्या पुढे ढिले पडू लागते, आणि मुंबईत डिसेंबरची दुपारही तेवढी तापते. तिथे रात्री फासून सकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवणे बरे.

रंगांबाबत अलीकडे नियम बदलत आहेत. फ्रॉस्टिंग आणि साखरदाण्यांना गुलाबी-लाल छटा देणाऱ्या ‘रेड ३’ या रंगाची मान्यता अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली आणि उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. घरी बिटाच्या रसाचे चार थेंब सुरेख गुलाबी रंग देतात. आणखी एक गंमत: केकवरच्या चांदीच्या गोळ्या आपण वर्खाच्या सवयीने बिनदिक्कत खातो, अमेरिकेत त्या केवळ शोभेसाठी, न खाण्याच्या म्हणून विकल्या जातात.

देवाणघेवाण

अमेरिकेत डिसेंबरात ‘कुकी एक्स्चेंज’ भरतात. प्रत्येकाने एकाच प्रकारच्या पुष्कळ कुकीज करायच्या, एका घरी जमायचे आणि जाताना प्रत्येकाच्या डब्यात सगळ्यांचे थोडे थोडे. शेजारी फराळाचे ताट पाठवणाऱ्यांना किंवा गोव्यातल्या नेवऱ्यो, कुलकुले, दोदोल मांडलेले नाताळचे कुस्वार वाटणाऱ्यांना हे अनोळखी नाही. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांत ही कुकी बहुधा मुलांच्या शाळेतून येते. साचे बदलले की सणही बदलतो: भोपळा हॅलोवीनचा, हृदय व्हॅलेंटाइनचे, अंडे ईस्टरचे, सहा टोकांचा तारा ज्यूंच्या हनुका सणाचा.

महाराष्ट्रात एके काळी मैदा, तूप, साखर डब्यातून बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणत, कारण घरी भट्टी नव्हती. आता ओटीजी आणि कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह घरात आल्याने ही कुकीही शहरी घरांत होऊ लागली आहे.

साठवण

फ्रॉस्टिंगचा थर तासाभरात वरून किंचित घट्ट होतो. मग कुकीज बटरपेपर घालून थरांत रचता येतात. हवाबंद डब्यात बाहेर दोन-तीन दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. बिनफ्रॉस्टिंगच्या कुकीज, किंवा कापलेले कच्चे पीठ, फ्रीझरमध्ये दोन महिने चांगले राहते. फ्रॉस्टिंग न दिलेल्या कुकीज डब्यात कडक पडू लागल्याच, तर त्यांच्यावर पावाची एक स्लाइस ठेवून झाकण लावतात. दुसऱ्या दिवशी पाव टोस्टसारखा वाळलेला असतो आणि कुकीज पुन्हा सादळलेल्या.