लंडन ते पॅरिस: ३४४ किलोमीटरला सव्वा तास का लागतो?

लंडन आणि पॅरिस यांच्यातलं हवाई अंतर सुमारे ३४४ किलोमीटर. जेट विमान उंचीवर ताशी ८५० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतं. भागाकार केला तर उत्तर येतं २५ मिनिटं. वेळापत्रकात मात्र याच प्रवासाला सव्वा तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ दाखवलेला असतो. वरची पन्नास मिनिटं जातात कुठे?

आधी अंतराचं पाहू. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेला सर्वांत जवळचा मार्ग. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलं तर या दोन शहरांमध्ये जेमतेम तीन अंशांचा कोन होतो, आणि एका अंशाला साधारण १११ किलोमीटर. विमान मात्र या रेषेवरून जात नाही. ते ठरलेल्या हवाई मार्गांनी, वळणं घेत जातं.

खरा वेळ खातात ती प्रवासाची दोन टोकं. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मोजतात आणि पोहोचल्यावर ते जागेवर उभं राहीपर्यंत. पॅरिसहून लंडनला निघालेलं विमान घ्या. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर चार धावपट्ट्या आहेत आणि आवार अवाढव्य. धावपट्टीपर्यंत पोहोचण्यातच बरीच मिनिटं जातात. हवेत गेल्यावरही दहा हजार फुटांखाली वेग साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरपर्यंतच ठेवतात. एवढ्या छोट्या प्रवासात विमान चढतं आणि लगेच उतरायला लागतं; पूर्ण वेगाने उडायला त्याला फार थोडा वेळ मिळतो.

मग येतं लंडनचं हीथ्रो विमानतळ. तिथे फक्त दोन धावपट्ट्या, आणि जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी तो एक. गर्दी असली की विमानांना शहराभोवतीच्या चार ठिकाणी आकाशात थांबवून ठेवतात. आग्नेयेकडून, म्हणजे पॅरिसच्या बाजूने येणाऱ्यांसाठी बिगिन हिल हे ठिकाण. तिथे विमानं लंबगोल घिरट्या घालतात, एकावर एक, मध्ये हजार फुटांचं अंतर ठेवून. सर्वांत खालचं विमान उतरायला निघालं की वरची सगळी एकेक मजला खाली येतात. एका फेरीला साधारण चार मिनिटं. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की दहा मिनिटं सहज गेली. मला या सगळ्या व्यवस्थेतला हा भाग सर्वांत थक्क करणारा वाटतो: एवढी वजनदार यंत्रं, आणि इतकी शिस्तबद्ध रांग!

वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, म्हणून हीथ्रोवर विमानं बहुधा पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. पॅरिसहून आलेल्या विमानाला त्यासाठी पूर्वेकडे वळसा घालून लंडन शहरावरून यावं लागतं.

तिकिटावरच्या वेळांनी गोंधळून जाऊ नका. पॅरिसचं घड्याळ वर्षभर लंडनच्या एक तास पुढे असतं. त्यामुळे पॅरिसहून दहाला निघालेलं विमान लंडनला सव्वादहाला पोहोचलेलं दिसतं, आणि उलट दिशेने दहाला निघालेलं सव्वाबाराला.

२५ ऑगस्ट १९१९ रोजी या दोन शहरांमध्ये रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा लंडनजवळच्या हाउन्सलो हीथहून पॅरिसजवळच्या ल बूर्जेला पोहोचायला सुमारे अडीच तास लागले होते. आज चॅनल बोगद्यातून जाणारी युरोस्टार रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनला साधारण सव्वादोन तासांत पोहोचते, तेही शहराच्या मध्यातून मध्यात.

दुसऱ्या कुठल्या शहरांचा अंदाज हवा असेल तर अंतराला ८५० ने भागा आणि वर पाऊण तास धरा. लंडन–इस्तंबूल सुमारे २,५०० किलोमीटर आहे. उत्तर पावणेचार तासांच्या जवळ येतं आणि तिथे टोकांवरचा वेळ एकूण प्रवासाचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. लंडन–पॅरिसला तोच निम्म्याहून जास्त असतो.