‘मिसिंग’ची नोंद कुणाच्या बाजूने?

जून 2013 मधली नाशिकची घटना. बाप रिक्षा घेऊन लेकीला न्यायला आला. आजीची तब्येत बिघडलीय, दवाखान्यात आहे, चल भेटून ये, म्हणाला. लेक गरोदर होती, दिवस भरत आले होते. ती रिक्षात बसली, आणि त्याच रिक्षात बापाने तिचा गळा आवळला. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं. जातीत तोंड दाखवायला जागा उरली नाही, हे बापाचं दुखणं.

खून झाल्यावर कायद्याची चाकं फिरली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने 2017 मध्ये फाशी दिली, उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती कायम केली, ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उतरवून कोणतीही सूट न देता 20 वर्षं सक्तमजुरीवर आणली. शिक्षा किती व्हावी यावर वाद घालता येईल, पण खुनानंतर यंत्रणा हलली नाही असं म्हणता येणार नाही. खरी भानगड खुनाच्या आधीच्या काळात आहे. अशा प्रकरणात पोलीस ठाण्याची पायरी सर्वांत आधी कोण चढतं?

बहुतेक वेळा बाप. नाहीतर चुलता, नाहीतर भाऊ. तोवर पोरगी आळंदीला पोचलेली असते, दोन साक्षीदार आणि एक भटजी यांच्या जोरावर लग्न उरकलेलं असतं. इकडे ठाण्यात तिच्या नावाने ‘मिसिंग’ दाखल होते. बाप म्हणाला की ती अल्पवयीन आहे, तर थेट अपहरण: तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 363, लग्नासाठी पळवून नेलं म्हटलं तर 366, आता न्याय संहितेची 137 आणि 87. मग मोबाइलचं लोकेशन काढलं जातं, पथक निघतं, कुठल्या तरी मित्राच्या खोलीवरून जोडपं उचललं जातं. ठाण्यात मुलीचा जबाब होतो. ‘मी स्वखुशीने गेले, मला माहेरी जायचं नाही’ एवढी ओळ कागदावर येईपर्यंत समोरच्या बाकावर आई तोंडाला पदर लावून रडत असते, मामा दारात घुटमळत असतो, आणि एखादा हवालदार अगदी चांगल्या मनाने म्हणतो, ‘अगं, एकदा घरी जाऊन ये, सगळं शांत होईल.’ सज्ञान बाईने स्वतःचं घर सोडलं तर तो गुन्हा नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक असतं. तरी कागद बापाच्या तोंडून लिहिलेला असतो.

ही सवय जुनी आहे. पेशवे दफ्तरात ‘शिंदळकी’च्या, म्हणजे व्यभिचाराच्या, दंडाच्या नोंदी सापडतात, आणि तो आरोप चिकटलेल्या बाईला सरकारी कुणबीण, म्हणजे गुलाम, करून टाकल्याच्याही. जातीची शुद्धता हा तेव्हा राज्यकारभाराचा भाग होता, गोतसभेचा, म्हणजे जातभाईंच्या पंचायतीचा, निवाडा आणि सरकारी हुकूम एकमेकांचा हात धरून चालत. इंग्रज आले तेव्हा हा धागा तुटायला हवा होता. काही प्रमाणात तुटलाही: 1850 च्या कायद्याने जातीबाहेर टाकलेल्या माणसाचा वारसाहक्क राखला, 1872 च्या विवाह कायद्याने जातीबाहेर लग्नाची वाट उघडली, फक्त ‘मी अमुक धर्म मानत नाही’ असं लिहून द्यावं लागे. पण 1860 च्या दंड संहितेत एक फट राहिली. ‘गंभीर आणि अचानक प्रक्षोभ’ झाला असेल तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर उतरतो. आता प्रक्षोभ कशाने व्हावा, हे ठरवायचं कुणी?

मुंबईच्या नानावटी खटल्यात हे उघड्यावर आलं. 1959 मध्ये नौदलाच्या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्याला निर्दोष ठरवलं. बाहेर लोक त्याच्या बाजूचे होते. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि पुढे राज्यपालांनी माफी दिली ते वेगळंच. इथे महत्त्वाची आहे ती त्या निकालातली कसोटी: आरोपीच्याच समाजथरातला एखादा समंजस माणूस त्या जागी असता तर त्याचा तोल गेला असता का? नानावटींना या कसोटीचा फायदा मिळाला नाही. पण ‘आरोपीच्या समाजथरातला समंजस माणूस’ ही आकृती भारतीय न्यायालयांत कायमची बसली. जातीच्या दडपणाखाली वाढलेला भाऊ त्यात बसतो की नाही, हा प्रश्न पुढे येणारच होता.

तो आलाही. 2004 मध्ये मुंबई परिसरात परजातीतल्या, परप्रांतातल्या मुलाशी लग्न केलेल्या बहिणीच्या नवऱ्यासह चौघांना तिच्या भावाने आणि साथीदारांनी मारलं. फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. डिसेंबर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, भावाला किमान 25 वर्षं. कारणांमध्ये असं होतं की, धाकट्या बहिणीने असं काही केलं की समाज थोरल्या भावालाच जाब विचारतो, जातीची पकड माणसाला सोडत नाही. दीड वर्षाने, मे 2011 मध्ये, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने उलटं सांगितलं: प्रतिष्ठेसाठी केलेला खून कोणत्याही कारणाने झाला तरी ‘दुर्मिळातला दुर्मिळ’, त्याला फाशीच. एका निकालात जात ही सौम्यतेची सबब, दुसऱ्यात तीच क्रौर्याची खूण.

या देशात जातीचं मूळ कुठे आहे हे ज्यांनी सर्वांत नेमकं सांगितलं ते डॉ. आंबेडकर. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी मांडलं की जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न, आणि ते टिकवायचं तर ‘जास्तीच्या’ माणसांची व्यवस्था लावावी लागते: नवरा मेलेल्या बाईसाठी सती नाहीतर सक्तीचं वैधव्य, बायको मेलेल्या पुरुषासाठी बालवधू. बाईवरचा पहारा हा जातीचा जोडधंदा नाही, तोच धंदा आहे. तीन वर्षांनी, 1919 मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला कायदेशीर मान्यता दिली आणि त्याच वर्षी स्त्रियांशी क्रूर वागण्याविरुद्धचा कायदाही केला. हे दोन कायदे एकाच वर्षी व्हावेत हा योगायोग नसावा, असं मला वाटतं.

स्वतंत्र भारतात मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द केला. तिथून पुढे पन्नासहून जास्त वर्षं महाराष्ट्रात वाळीत टाकण्याविरुद्ध असा थेट कायदा नव्हता. गंमत म्हणजे याच राज्यात जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग आंतरजातीय जोडप्याला प्रोत्साहन म्हणून पैसे देतो, 2010 पासून 50,000 रुपये, दोघांच्या संयुक्त नावाने. एका टेबलावर अनुदानाचा अर्ज, दुसऱ्या इमारतीत त्याच जोडप्याच्या नावाचा अपहरणाचा गुन्हा.

दिशा बदलली ती न्यायालयांतून आणि उत्तरेतून. 2006 मध्ये ‘लता सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश’ या प्रकरणात सज्ञान बाईने परजातीत लग्न केलं म्हणून तिच्या भावांनी नवऱ्याच्या घरच्यांवर अपहरणाचा गुन्हा गुदरला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला, अशा खुनांत ‘ऑनर’ काहीच नाही असं ठणकावलं, आणि पोलिसांचं काम जोडप्याला शोधून देणं नसून सांभाळणं आहे हे सांगितलं. पुढच्याच वर्षी हरियाणात एका सगोत्र जोडप्याला न्यायालयाच्या आदेशाने पोलीस संरक्षण मिळालं होतं. पोलीस त्यांना वाटेत सोडून गेले आणि नातेवाइकांनी दोघांना बसमधून खेचून नेऊन मारलं. मार्च 2010 मध्ये कर्नालच्या न्यायालयाने पाच जणांना फाशी सुनावली (उच्च न्यायालयाने ती नंतर उतरवली), आणि खाप पंचायतीचं, म्हणजे तिकडच्या गोत्र-जातीच्या पंचायतीचं, नाव पहिल्यांदाच इतक्या थेट शिक्षेत आलं. त्याच वर्षी अशा खुनांविरुद्ध ‘शक्ती वाहिनी’ या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. 2012 मध्ये विधी आयोगाने आपल्या 242 व्या अहवालात लग्नाच्या निवडीत ढवळाढवळ करणाऱ्या जमावांविरुद्ध कायद्याचा मसुदाच दिला. तो तसाच पडून आहे.

महाराष्ट्राने मात्र स्वतःची वाट काढली. नाशिकच्या त्या खुनानंतर डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायत मूठमाती अभियान’ उभं केलं आणि ऑगस्ट 2013 मध्ये नाशिकलाच परिषद घेतली. त्याच महिन्याच्या 20 तारखेला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. अभियान थांबलं नाही. जातगंगेत दंड भरून ‘शुद्ध’ झालेली, वर्षानुवर्षं लग्न-मयताला बोलावणं नसलेली माणसं पुढे येऊन बोलू लागली. एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एकमताने मंजूर केला, 3 जुलै 2017 पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. त्याचा रोख जातपंचायतीवर आहे, आणि तो तिथे बऱ्यापैकी लागतो. पण घरातल्या घरात, जेवणाच्या ताटावर ठरलेल्या गोष्टीला पंच लागत नाहीत.

ॲट्रॉसिटी कायद्याचंही तसंच. जानेवारी 2013 मध्ये सोनईत तीन दलित तरुणांचा खून झाला, 2018 मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली. एप्रिल 2014 मध्ये खर्ड्यात एका 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारलं. साक्षीदार फुटले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सगळे आरोपी सुटले. दोन्हीकडे कारण मुलीची ‘अब्रू’, आणि बळी मुलं. तो कायदा मारणारा आणि मरणारा यांच्या जातीतलं अंतर बघतो. बापाने मारलेल्या लेकीची जात बापाचीच, म्हणून तिथे तो लागू होत नाही.

27 मार्च 2018 रोजी ‘शक्ती वाहिनी’चा निकाल लागला. सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला खाप वा जमावाने अडवणं बेकायदा, हे तर सांगितलंच, पण खरा मजकूर पुढच्या सूचनांत आहे: प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तासांची हेल्पलाइन, जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा, आधी एक महिना आणि गरजेप्रमाणे वाढवत जास्तीत जास्त एक वर्ष, कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्याची खातेनिहाय चौकशी. कक्षाच्या सदस्यांत ‘आदि-द्रविड कल्याण अधिकारी’ असंही पद लिहिलंय. हे पद तमिळनाडूचं, सूचनांचा साचा तिथल्या उच्च न्यायालयाच्या आदेशातून आलेला. आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात हा निकाल वाचणाऱ्या कारकुनाने त्या ओळीवर काय केलं असेल, याचं मला कुतूहल आहे.

महाराष्ट्राने त्या निकालावर फार काळ काहीच केलं नाही. डिसेंबर 2021 मध्ये वैजापूर तालुक्यात 19 वर्षांच्या मुलीच्या सासरी आई आणि भाऊ भेटायला आले. माहेरची माणसं आली म्हणून ती चहा ठेवायला चुलीपाशी गेली. भावाने तिथेच तिच्यावर कोयता चालवला. तीही गरोदर होती. पुढच्या वर्षी, 13 डिसेंबर 2022 रोजी, महिला व बालविकास विभागाचा शासन निर्णय निघाला तो निवाऱ्याचा नव्हता. तो ‘आंतरजातीय/आंतरधर्मीय विवाह–परिवार समन्वय समिती’चा होता. अशी लग्नं केलेल्या, पळून गेलेल्या मुलींची माहिती गोळा करायची आणि माहेरशी संपर्क तुटला असेल तर तो जुळवायचा. टीका झाल्यावर दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द गळाला, ‘आंतरधर्मीय’ राहिला. हेतू काहीही असो, यादी तयार झाली की ती मुलीच्या घरच्यांच्याच कामाची. वैजापूरची मुलगी कुठे राहते हे तिच्या आईला कुणी सांगायची गरज पडली नव्हती; पण जिथे पडते तिथे ते सांगणारं खातं सरकारी असावं का?

2024 च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयात एका आंतरधर्मीय जोडप्याच्या निमित्ताने निवाऱ्यांचा प्रश्न आला, आणि मग कुठे गृह विभागाची कार्यपद्धती निघाली: जिल्हा पोलीसप्रमुख किंवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली कक्ष, 112 वर मदत, राहण्याची सोय. ‘शक्ती वाहिनी’च्या निकालानंतर पावणेसात वर्षांनी.

आकड्यांकडे बघून कुणाला घाई वाटणार नाही, हेही खरं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग 2014 पासून ‘ऑनर किलिंग’ वेगळं मोजतो. अख्ख्या देशात 2019 मध्ये 25, 2020 मध्ये 25, 2021 मध्ये 33. त्याच तक्त्यात ‘प्रेमप्रकरण’ असा खुनाच्या कारणाचा दुसरा रकाना आहे, त्यात दर वर्षी हजाराच्या वर खून जातात. कुठला खून कुठल्या रकान्यात टाकायचा हे ठाण्यात ठरतं. आणि विहिरीत पडली, विषारी औषध प्यायली, अशी अकस्मात मृत्यूची नोंद झाली तर ती या तक्त्यात येतच नाही.

निवारा मिळाला तरी एक अडचण शिल्लक राहते. धर्म न बदलता दुसऱ्या धर्मातल्या माणसाशी लग्न करायचं तर 1954 चा विशेष विवाह कायदा. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते आणि ती 30 दिवस कार्यालयात, सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. नाव, वय, पत्ता. त्या फळ्यासमोर उभं राहून मोबाइलने फोटो काढायला कुणाचीही परवानगी लागत नाही.