लॅटिनो आरोग्य केंद्रांतली माणसं कुठून आली?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या, समाजाच्या आरोग्यावर संशोधन करणारी केंद्रं आहेत. तिथल्या कर्मचाऱ्यांचे परिचय वाचताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. पदवी आणि शोधनिबंध यांच्या जोडीला आईवडील शेतमजूर होते, लहानपणी घरच्यांसाठी दवाखान्यात दुभाष्याचं काम केलं, असे उल्लेख तिथे सर्रास असतात. भौतिकशास्त्र विभागात असलं काही कोणी लिहीत नाही. इथे मात्र ती एक पात्रताच मानली जाते, आणि त्यामागे बराच इतिहास आहे.

1950 च्या दशकात हा विषय बाहेरच्यांच्या हातात होता. नैर्ऋत्येकडच्या राज्यांतला स्पॅनिश बोलणारा रुग्ण डॉक्टरांचं का ऐकत नाही, असा तेव्हाच्या अभ्यासकांचा प्रश्न असे, आणि उत्तर बहुतेकदा त्याच्या ‘संस्कृती’त सापडे. हुलियान सामोरा याला ठळक अपवाद. कोलोरॅडोत वाढलेला हा माणूस 1953 मध्ये समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारा पहिला मेक्सिकन-अमेरिकन मानला जातो, आणि पुढे तो तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागला. पण एकट्या माणसाने विद्याशाखा बदलत नाही.

संस्कृतीकडे बोट दाखवणं किती महागात पडू शकतं, हे लॉस एंजेलिसच्या एका खटल्याने दाखवलं. तिथल्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीसाठी आलेल्या मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांची नसबंदी झाली होती. काहींच्या सह्या ऐन कळा सुरू असताना घेतलेल्या, त्याही इंग्रजी कागदांवर. 1975 मध्ये दहा जणी न्यायालयात गेल्या. मानववंशशास्त्रज्ञ कार्लोस व्हेलेझ-इबान्येझ यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली: या समाजात मातृत्वाला काय स्थान आहे आणि ते हिरावल्याने या बायका किती खचल्या आहेत. 1978 मध्ये न्यायाधीशांनी तीच साक्ष उलटी फिरवली. या स्त्रियांची सांस्कृतिक जडणघडण इतकी वेगळी की डॉक्टरांना त्याची कल्पना असणं शक्यच नव्हतं, असा त्यांचा तर्क. खटला स्त्रिया हरल्या. त्यांच्याच बाजूच्या अभ्यासकाचं ज्ञान त्यांच्याच विरोधात वापरलं गेलं. निकालापेक्षा मला हेच जास्त बोचतं. खटल्याच्या गाजावाजामुळे पुढे संमतीचे नियम कडक झाले, स्पॅनिश अर्ज आले. अविश्वास मात्र तसाच राहिला.

न्यू यॉर्कमध्ये नसबंदीच्या याच प्रश्नावर डॉ. हेलेन रॉड्रिगेझ-ट्रियास लढत होत्या. आईवडील पोर्तो रिकोचे, वैद्यकीय शिक्षण पोर्तो रिकोत, काम ब्राँक्सच्या लिंकन रुग्णालयात. पुढे अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनच्या त्या पहिल्या लॅटिना अध्यक्ष झाल्या. कॅलिफोर्नियात ओकलंडला 1971 मध्ये ‘ला क्लिनिका दे ला रासा’ हा लोकांचा दवाखाना सुरू झाला. त्याच्या उभारणीत पुढाकार घेणारे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड हेस-बाउतिस्ता पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॅटिनो आरोग्य आणि संस्कृतीच्या अभ्यासकेंद्राचे संचालक झाले. आधी दवाखाना, मग विद्यापीठ: पहिल्या पिढीतल्या अनेकांची वाट ही अशी.

आकडेवारीची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. लॅटिनो लोकांची नोंदच नीट होत नव्हती. 1976 मध्ये अमेरिकी संसदेतले सदस्य एडवर्ड रॉयबल यांच्या प्रयत्नांतून आलेल्या कायद्याने सरकारी खात्यांना स्पॅनिश मूळ असलेल्यांची माहिती गोळा करायला सांगितलं. 1982 ते 1984 दरम्यान फक्त याच समाजासाठी मोठं आरोग्य सर्वेक्षण झालं, आणि 1986 मध्ये मार्किडीस आणि कोरील या संशोधकांनी एक कोडं मांडलं: उत्पन्न कमी, विमा कमी, तरी नैर्ऋत्येतल्या या लोकांचं आरोग्य अनेक बाबतींत गोऱ्यांच्या जवळपास कसं?

आजारी स्थलांतरित मरायला मायदेशी परत जातात म्हणून इथले आकडे चांगले दिसतात, अशी एक शंका होती. 1999 मध्ये आना अब्राइदो-लान्सा आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. राजकारणामुळे क्यूबन लोकांना परतण्याची सोय नव्हती, आणि पोर्तो रिकोत परतलेल्यांचे मृत्यू अमेरिकेच्या आकड्यांतच मोजले जात. तरी दोन्ही गटांचा मृत्युदर कमीच निघाला. ही युक्ती लढवायला कोण कुठे परत जाऊ शकतं, हे ठाऊक असावं लागतं.

1993 च्या कायद्याने सरकारी पैशावरच्या वैद्यकीय संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्याकांचा समावेश सक्तीचा केला. माणसं मिळवणार कोण, हा पुढचा प्रश्न. 2008 ते 2011 दरम्यान ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगोत 16,415 लॅटिनो प्रौढांची तपासणी झाली. एवढ्या लोकांना केंद्रापर्यंत आणायला स्पॅनिश बोलणारे, वस्ती ओळखणारे कर्मचारी लागले. इथेच प्रोमोतोरा महत्त्वाच्या ठरतात: वस्तीतल्याच बायका, आपल्या आशाताईंसारख्या. (दक्षिण आशियाई मात्र हृदयविकाराच्या गाजलेल्या बहुवांशिक अभ्यासात नव्हते, त्यांच्यासाठी 2010 मध्ये ‘मसाला’ नावाचा स्वतंत्र अभ्यास सुरू करावा लागला. अमेरिकेतल्या मराठी घरांना हा धागा ओळखीचा वाटेल.)

पण ‘आपल्यातला माणूस’ म्हणजे नेमका कोण? मायामीचा क्यूबन डॉक्टर आणि कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात स्ट्रॉबेरी तोडणारी मेक्सिकोतल्या वाहाका राज्याची बाई, दोघं लॅटिनोच. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 1999 पासून त्या खोऱ्यात गरोदर स्त्रिया आणि कीटकनाशकांवर अभ्यास चालवला आहे. त्या भागातल्या अनेक मजुरांची मातृभाषा मिश्तेक किंवा त्रिकी, या मेक्सिकोतल्या आदिवासी भाषा; स्पॅनिश त्यांनाही परकीच. म्हणजे स्पॅनिश येणारा कर्मचारीही तिथे बाहेरचाच ठरू शकतो, आणि मुलाखतीसाठी दोन दुभाषे साखळीने लावावे लागतात.

पगाराचं चित्र याहून विसंगत आहे. अमेरिकी सरकारच्या व्यवसाय-यादीत प्रोमोतोरांसारख्या सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांना स्वतंत्र क्रमांक मिळाला तो 2010 च्या आवृत्तीत. प्राध्यापकाची नोकरी कायम, प्रोमोतोराची बहुधा अनुदान असेपर्यंत. अनुदान संपलं की ती जाते आणि तिने जमवलेल्या ओळखीही तिच्याबरोबर जातात. पुढच्या प्रकल्पाला वस्तीत दार ठोठावण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.