टेकन ४

टेकन ४ : ‘टेकन’ या मारामारीच्या व्हिडिओ गेम मालिकेचा चौथा क्रमांकित भाग. निर्मिती नामको (जपान). आर्केड यंत्रावर (नाणे टाकून खेळायच्या पेटीवर) २००१ मध्ये, तर टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन २ या यंत्रावर २००२ मध्ये आला. दोन्ही वर्षे प्रकाशनवर्ष म्हणून दिलेली आढळतात. सांगली, मिरज, सातारा या भागात हे गेम आर्केडच्या उभ्या पेटीपेक्षा टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर अधिक खेळले गेले, त्यामुळे येथील खेळाडू २००२ सांगतात. तथापि गेमची मूळ घडण आर्केडसाठी झाली असल्याने येथे २००१ हे वर्ष धरले आहे.

क्रमांकाविषयीही घोळ आहे. टेकन (१९९४), टेकन २ (१९९५), टेकन ३ (१९९७) यांच्यानंतर १९९९ मध्ये ‘टेकन टॅग टूर्नामेंट’ आला. तो मोजल्यास टेकन ४ पाचवा ठरतो. पण टॅगमध्ये मालिकेची कथा पुढे सरकत नाही, मेलेली पात्रेही त्यात सर्रास लढताना दिसतात. तेव्हा त्याला मुख्य क्रमाबाहेर ठेवणेच सयुक्तिक वाटते.

नाव : जपानी ‘तेत्सु’ (लोखंड) आणि ‘केन’ (मूठ) यांच्या जोडाक्षरी लेखनाचा उच्चार ‘तेक्केन’ असा होतो. मूळ उच्चाराला धरून ‘तेक्केन’ लिहावे, असे म्हणता येईल. मात्र मराठीत ‘टेकन’ इतके रुळले आहे की ते बदलण्यात अर्थ नाही. कुस्तीतल्या ‘पाठ टेकली’ या प्रयोगाशी त्याचे ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे. हिंदकेसरी मारुती माने यांच्या कवठेपिराणच्या सांगली जिल्ह्यात तसा मोह होणे मात्र साहजिक आहे.

पूर्वपीठिका : टेकन ४ ने अनेक जुन्या खेळाडूंची निराशा केली. ती समजण्यासाठी टेकन ३ ध्यानात घ्यावा लागतो. त्याची प्लेस्टेशन आवृत्ती १९९८ ची. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर तिला १०० पैकी ९६ गुण आहेत. सांगलीत गेम पार्लरमधून, आणि पुढे प्लेस्टेशनची नक्कल करणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅममधून तो घरोघरी गेला. मालिकेची मूळ युक्ती साधी आहे : चार बटणे, चार अवयव. चौकोन डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय, गोल उजवा पाय. एडी गॉर्डो हे कापोएरा (नाचासारखी ब्राझिली युद्धकला) खेळणारे पात्र घेऊन फुली आणि गोल वाटेल तसे बडवत सुटले तरी समोरचा हैराण होई. त्यामुळे ‘एडी घ्यायचा नाही’ ही पार्लरमधली पहिली अट असे. ती मोडणाऱ्याच्या हातातला रिमोट (कंट्रोलरला इथे हाच शब्द) पुढच्या राउंडला दुसऱ्याकडे जाई. वाघासारखा मुखवटा घालणारा, म्हणजे खरे तर जग्वारचा, किंग हा पैलवान घेणाऱ्याला मात्र मान होता. त्याच्या एकाला एक जोडलेल्या पकडी पाठ कराव्या लागत, आणि समोरच्याला वेळेत बटण दाबून त्या सोडवताही येत. डाव आणि प्रतिडाव हे शब्द इथे कोणाला शिकवावे लागले नाहीत.

बदल : टेकन ३ चे मैदान अमर्याद होते. कितीही मागे सरका, जमीन संपत नसे. टेकन ४ मध्ये त्याला भिंती आल्या. विमानतळ, पार्किंग, इमारतीची गच्ची अशा बंदिस्त जागांत लढत होऊ लागली. जमीनही सपाट राहिली नाही, चढउतार आले. प्रतिस्पर्ध्याला धरून जागा बदलण्याचा, म्हणजे त्याला भिंतीकडे वळवण्याचा डाव आला. आडव्या बाजूने चालणे सोपे झाले. मागे सरकण्याची चपळाई मात्र घटली. कोरियन खेळाडूंच्या नावाने ओळखली जाणारी ‘कोरियन बॅकडॅश’ ही झटपट मागे सरकण्याची लकब ज्यांच्या बोटात बसली होती त्यांना हे विशेष खुपले. कुंडलच्या कुस्ती मैदानातला गडी खोलीत कोंडून लढवावा, तसा हा प्रकार होता.

पात्रांतही मोडतोड झाली. एडी वेगळे पात्र म्हणून उरला नाही. प्लेस्टेशन आवृत्तीत तो क्रिस्टी मोंतेरो या नव्या पात्राचा एक पोशाख म्हणून तेवढा निवडता येतो. पार्लरच्या पहिल्या अटीचा प्रश्न असा परस्पर सुटला. स्टीव्ह फॉक्स हा मुष्टियोद्धा नवा. त्याला लाथा नाहीत. फुली वा गोल दाबल्यास तो अंग झुकवतो, डोलतो, हुलकावणी देतो. टेकन ३ वर हात बसलेला मुलगा सवयीने गोल बडवत राही आणि पडद्यावरचा स्टीव्ह नुसता डुलत मार खाई. आज स्टीव्ह मालिकेतील उत्तम रचलेल्या पात्रांत गणला जातो, हेही नोंदवले पाहिजे.

निराशेच्या कारणांविषयी मते : एक मत सगळा दोष भिंतींवर ठेवते. भिंतीशी अडकलेल्यावर फटक्यांची लांब साखळी चढवता येते आणि सुटायला जागा राहत नाही. दुसरे मत जिन काझामा या प्रमुख पात्राकडे बोट दाखवते. टेकन ३ मध्ये कथेतल्या मिशिमा घराण्याची लढण्याची शैली वापरणारा जिन येथे ती टाकून कराटेकडे वळतो. त्याच्या ‘लेझर स्क्रेपर’ या डावात बटण अगदी अचूक वेळी, एका फ्रेमच्या, म्हणजे साधारण सेकंदाच्या साठाव्या भागाच्या हिशेबाने दाबले तर फटका कितीतरी परिणामकारक होतो. ज्याला ते साधले त्याच्यापुढे इतर पात्रे फिकी पडली आणि स्पर्धांतून जिनचीच गर्दी झाली. तिसरे मत मंद हालचालीचे.

यांपैकी भिंतींचे मत सर्वाधिक ऐकू येत असले तरी ते टिकत नाही. पुढील टेकन ५ मध्येही (आर्केड २००४, प्लेस्टेशन २ वर २००५) भिंती आहेत आणि तो भाग लोकांनी डोक्यावर घेतला. टेकन ५ ने टाकले ते उंचसखल मैदान. जोडीला भिंती नसलेली काही मैदाने परत आणली, आणि जिनला जुन्या डावांपैकी काही दिले. तेव्हा दोष जिनच्या वरचढपणात आणि असमान जमिनीवर चुकणाऱ्या नेमात अधिक असावा. परीक्षकांनी टेकन ४ ला तितके झोडपलेले नाही : मेटाक्रिटिकवर त्याचे गुण ७९ आहेत. कथाभाग चित्रे आणि निवेदन यांतून सांगण्याची रीत व एकूण गंभीर सूर यांमुळे अलीकडे त्याचे चाहतेही वाढलेले दिसतात.

सांगलीतील प्रसार : प्लेस्टेशन २ लागत असल्याने जुन्या यंत्रांवर हा भाग चालत नसे. पार्लरमध्ये तो असला तरी एकदोनदा खेळून ‘तीनच लाव’ असे सांगितले जाई. टेकन ३ आता फोनवरही चालतो. पडद्यावर काढलेल्या चार बटणांवर अंगठा ठेवून विश्रामबागेत बसची वाट पाहणारा मुलगा बहुधा एडीच घेऊन बसलेला असतो.